सूर मोजता मोजता शिकलेला क्रम

पडद्यावर चार जागा, हाताखाली चार कळा. खूण जिथे उमटेल तिथली कळ दाबायची, की थोड्या वेळाने पुढची खूण हजर. मानसशास्त्रज्ञ मेरी जो निसेन आणि पीटर बुलेमर यांनी १९८७ मध्ये हा प्रयोग मांडला. खुणा मात्र मनमानी नव्हत्या. डावीकडून आकडे दिले तर त्यांचा क्रम ४-२-३-१-३-२-४-३-२-१ असा होता आणि तो पुन्हा पुन्हा फिरत होता. लोकांचा वेग वाढत गेला. कोर्साकॉफ आजारामुळे स्मरणशक्ती खालावलेल्या रुग्णांचाही वेग वाढला, आणि त्यांना तर क्रम परत येतोय याचा पत्ताच नव्हता.

मग दुसरं काम जोडलं. प्रत्येक कळीनंतर वरचा किंवा खालचा सूर वाजे. त्यांपैकी एकाच प्रकारचे सूर मोजत राहायचे आणि फेरी संपली की आकडा सांगायचा. झालं, वेगातली वाढ जवळपास नाहीशी! निष्कर्ष सरळ वाटला: शिकायला लक्ष लागतं आणि ते सुरांनी पळवलं.

पण वरचा क्रम जरा नीट पाहा. ३ नंतर कधी १ येतो, कधी २. २ नंतर तर ३, ४, १ यांपैकी काहीही. एकाही आकड्यापुढे ठरलेला आकडा नाही. कोहेन, आयव्ही आणि कील यांनी १९९० मध्ये दाखवलं की क्रमात काही जोड्या पक्क्या असल्या, तर सूर मोजतानाही तो शिकला जातो. माझ्या मते गोष्ट इथेच फिरते. सगळ्या शिकण्यावर लक्षाचा एकच कर बसतो, ही कल्पना इथून लंगडी पडली.

पुढचा धक्का स्टॅडलर यांचा, १९९५ चा. त्यांनी एका गटाला सूर दिलेच नाहीत, फक्त खुणांमधल्या विरामांची लांबी अनियमित केली. मोजायचं काही नव्हतं, तरी शिकणं सूर मोजण्याइतकंच बिघडलं. म्हणजे सुरांचा दोष कदाचित लक्ष खाण्यात नसून क्रमाचे तुकडे पाडण्यात असावा. श्मिटके आणि हॉयर (१९९७) यांनी याला वेगळं वळण दिलं. खुणांचा क्रम सहाचा ठेवून त्यांनी सुरांनाही ठरलेला क्रम दिला. तो सहाचाच असला की शिकणं चांगलं जमे. पाचाचा केला की दोन्ही क्रमांची गाठ दर फेरीत सरके आणि शिकणं मंदावे. दोन कामं वेगळी आहेत हे प्रयोग करणाऱ्याचं म्हणणं. मन बहुधा दोन्हींचा मिळून एकच क्रम धरत असतं.

मधल्या काळात पीटर फ्रेन्श या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी निराळीच शंका काढली: शिकणं होतंच, सूर फक्त ते उघड होऊ देत नाहीत. हा वाद बरीच वर्षं चालला.

वेळेचा नमुना स्वतःच शिकला जातो का, हे शिन आणि आयव्ही यांनी २००२ मध्ये तपासलं. खुणांच्या जागांना एक क्रम होता, विरामांना दुसरा. जागांचा क्रम लोक शिकले. विरामांचा क्रम मात्र तो जागांच्या क्रमाशी जुळलेला असला तरच शिकले. एकटा ताल त्यांच्या हाती लागला नाही.

शूमाकर आणि श्वार्ब यांनी २००९ मध्ये वेळेचा प्रश्न आणखी बारकाईने धरला. खूण आणि सूर एकाच क्षणी आले आणि दोन्हींचं उत्तर एकदमच निवडावं लागलं, तर क्रम शिकणं बिघडलं. दोघांमध्ये पुरेसं अंतर ठेवल्यावर, त्याच दोन कामांसह, ते टिकलं.