बारा वर्षांची रेघ

अमेरिकेतल्या विमानतळांवर लहान मुलांच्या अंगझडतीवरून जो वाद पुन्हा पुन्हा पेटतो, त्याची सुरुवात २०१० च्या ऑक्टोबरअखेरीस झाली. प्रवाशांची तपासणी १९७३ पासूनच सक्तीची होती. २००१ च्या हल्ल्यांनंतर ती केंद्र सरकारच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेकडे (टीएसए) गेली. २००९ च्या नाताळात डेट्रॉइटच्या विमानात एकाने अंतर्वस्त्रात दडवलेली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला. धातुशोधक कमानीला ती कळणं शक्यच नव्हतं. मग संपूर्ण देहाचे स्कॅनर झपाट्याने वाढले. जो स्कॅनर नाकारेल किंवा ज्याच्या बाबतीत यंत्र इशारा देईल, त्याची झडती आता पंजाच्या मागच्या बाजूऐवजी तळहाताने, थेट जांघेपर्यंत होऊ लागली.

ओरड झाली तेव्हा काही आठवड्यांतच सवलत जाहीर झाली: १२ वर्षांपर्यंतच्या मुलांची झडती 'मॉडिफाइड' असेल. सगळा घोळ या एका शब्दात आहे. 'सुधारित' म्हणावं, तर झडती आधीपेक्षा चांगली झाली असं वाटतं. 'सौम्य' म्हणावं, तर हात कमी लागेल अशी हमी दिल्यासारखं होतं. शब्दाचा अर्थ एवढाच, की मोठ्यांपेक्षा वेगळी. किती वेगळी? झडतीचे तपशीलवार नियम सुरक्षेच्या कारणावरून गुप्त असतात. डोळ्यांसमोर जे चाललंय ते नियमात बसतं का, हे ताडून पाहायला आईबापांच्या हाती काहीच नसतं. यंत्रणा याला तपासणी म्हणते, आईबाप झडती म्हणतात. विमानतळावरच्या तपासणीसाठी व्यक्तीवर संशय असावा लागत नाही, ही तिथल्या न्यायालयांची जुनी भूमिका आहे. पण हात बाहीवरून कमरेकडे सरकतो, तेव्हा मुलाला हा कायदेशीर फरक कसा समजावायचा?

एप्रिल २०११ मध्ये न्यू ऑर्लीन्सचा व्हिडिओ पसरला. सहा वर्षांची मुलगी हात पसरून उभी. हातमोजे घातलेली कर्मचारी पुढे काय करणार ते आधी सांगते, मग बोटं कमरपट्टीच्या आत फिरवते. कर्मचाऱ्याने नियम पाळले, असं यंत्रणेने सांगितलं. माझ्या मते खरी अडचण तिथेच होती: चूक माणसाची नव्हती, नियमाची होती. आपल्या अंगाला परक्याने हात लावू नये हे ज्या वयात शिकवायचं, त्याच वयात ही उभं राहण्याची सक्ती.

त्यानंतर बदल भराभर झाले. जूनमध्ये ठरलं, की लहान मुलांना हात लावण्याआधी यंत्राने पुन्हा प्रयत्न करायचा. त्याच वर्षी बूट काढण्यातूनही त्यांची सुटका झाली. २०१३ मध्ये शरीराची खरी आकृती दाखवणारे स्कॅनर गेले.

रेघ मात्र बारावरच राहिली. मार्च २०१७ मध्ये मोठ्यांची झडती आणखी कडक झाली आणि त्याच महिन्यात डॅलसला एका मुलाला अडवलं गेलं. इशारा लॅपटॉपबाबत होता, झडती त्याच्या अंगाची झाली. त्याला स्पर्शाचा त्रास होतो, दुसऱ्या पद्धतीने तपासा, अशी विनंती केल्याचं आईने सांगितलं. मुलाचं वय होतं १३.