'जिल्ह्यात पहिला' म्हणजे किती जणांत पहिला? शालेय विज्ञान स्पर्धांमधील चुरशीची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात दिवाळीनंतर विज्ञान स्पर्धांचा हंगाम सुरू होतो आणि शाळांच्या फाटकांवर अभिनंदनाचे फलक लागतात. एकावर 'तालुका विज्ञान प्रदर्शनात प्रथम', दुसऱ्यावर 'इन्स्पायर अवॉर्डसाठी निवड', तिसऱ्यावर 'होमी भाभा परीक्षेत रौप्यपदक'. यातले अवघड कोणते, असे पालक विचारतात. स्पर्धेच्या नावावरून ते सांगता येत नाही. वरच्या फेरीत जागा किती आणि त्या कोणत्या हिशेबाने वाटल्या, हे पाहावे लागते. हा हिशेब प्रत्येक स्पर्धेत वेगळा आहे, कारण त्या वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कामासाठी सुरू झाल्या.

हुशार मुले हेरून त्यांना विज्ञानाकडे वळवणे हा सर्वांत जुना हेतू. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) 1963 मध्ये दिल्लीपुरती विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू केली, तेव्हा शिष्यवृत्त्या होत्या फक्त 10. पुढच्या वर्षी योजना देशभर गेली आणि आकडा 350 झाला. नंतर ती केवळ विज्ञानाची राहिली नाही. 1985 पासून पहिली फेरी राज्यांकडे आली आणि प्रत्येक राज्याचा कोटा विद्यार्थिसंख्येवरून ठरू लागला. 2021 नंतर ही परीक्षा थांबली आहे. मात्र 'जागा विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात' हे तिचे सूत्र पुढच्या तुलनेसाठी ध्यानात ठेवावे.

प्रदर्शनांची वाट वेगळी. 1971 पासून एनसीईआरटी मुलांचे राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन भरवते. 1988 मध्ये त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव मिळाले, आता ते राष्ट्रीय बाल वैज्ञानिक प्रदर्शनी म्हणून ओळखले जाते. त्याच्या खाली राज्य, जिल्हा, तालुका अशी उतरंड. येथे जागा प्रशासकीय घटकाप्रमाणे मिळतात: प्रत्येक तालुक्यातून, प्रत्येक गटातले ठरावीक क्रमांक जिल्ह्याला जातात. सहावी ते आठवीचा गट वेगळा, नववी ते बारावीचा वेगळा. शिक्षकांचे शैक्षणिक साहित्य आणि प्रयोगशाळा परिचरांची साधने यांचीही स्वतंत्र दालने असतात.

सोलापूर जिल्ह्यात तालुके 11. शाळांची संख्या सगळीकडे सारखी नाही. उदाहरण म्हणून धरू, एका तालुक्यात एका गटात 120 उपकरणे आली, दुसऱ्यात 24, आणि दोन्हीकडून तिघेच वर जाणार. पहिल्या ठिकाणी 40 मध्ये एक, दुसऱ्या ठिकाणी 8 मध्ये एक. प्रमाणपत्रावर मात्र दोघांनाही 'तालुकास्तर, तृतीय' एवढेच मिळते. ही त्रुटी योगायोगाने आलेली नाही. कोपऱ्यातल्या शाळेलाही जिल्ह्याचे दालन दिसावे, म्हणून जागा तालुक्यांना समान दिल्या गेल्या, आणि ते योग्यच झाले. फक्त त्या क्रमांकावरून दोन तालुक्यांतल्या मुलांची तुलना करू नये.

1981 मध्ये बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. ती सहावी आणि नववीसाठी आहे. लेखी परीक्षेत वर आलेल्यांना प्रात्यक्षिक, त्यातून निवडलेल्यांना कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत. एकाच प्रश्नपत्रिकेवर मुले मोजली जातात, म्हणून तुलनेला ही सर्वांत सोपी. तरी एक गाळणी लेखीच्याही आधी असते: शुल्क भरून स्वतःहून बसणारी, बहुधा शिकवणी लावलेली मुलेच या गर्दीत असतात. प्रदर्शनातल्या 40 मधला एक आणि येथल्या 40 मधला एक सारखे नाहीत. आपल्याकडची मुले बहुतेक अडतात ती प्रात्यक्षिकात. पाठांतरावर लेखी निघते, पण ब्युरेट (द्रव मोजण्याची खुणा असलेली काचनळी) हातात धरून वाचन घेताना डोळा द्रवाच्या पातळीशी समांतर ठेवायचा असतो, ही सवय वर्षभर प्रयोगशाळा कुलुपात राहिली तर लागत नाही.

1993 मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद देशभर नेली. तिची सुरुवात ग्वाल्हेरच्या एका विज्ञान केंद्राने केली होती. 10 ते 17 वयाची मुले मुख्य विषयाला धरून गावातलाच एखादा प्रश्न घेतात, मोजमाप करतात, नोंदवही ठेवतात. मॉडेल नसले तरी चालते, नोंदी नसल्या तर चालत नाही. येथे संख्येने गर्दी कमी असते, कारण दोन-तीन महिन्यांचे काम असते. म्हणून सहभागींच्या आकड्यावर चुरस मोजली तर ही स्पर्धा सोपी दिसते, आणि तो गैरसमज आहे.

सोलापूरला या स्पर्धेसाठी विषयांची ददात नाही. चादर-टॉवेलच्या कारखान्यांतले रंगाचे पाणी, डाळिंबावरचा तेल्या रोग, उजनीचे पाणलोट, नान्नजचा माळढोक पक्षी. पण विषय जवळचा असला तरी मोजमाप चुकते. रंगाच्या पाण्याचेच घ्या. मुले कोळसा-वाळूची गाळणी करतात आणि पाणी शुद्ध झाल्याचा पुरावा म्हणून टीडीएस मीटर बुडवतात. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. सुती कापडाच्या रंगकामात मीठ भरपूर वापरतात, आणि कोळसा रंग शोषतो, मीठ शोषत नाही. त्यामुळे पाणी रंगहीन दिसते, पण आकडा जवळपास तोच राहतो. मग काही मुले आकडाच बदलतात, आणि परीक्षकाला ते दोन प्रश्नांत कळते. खरे तर 'रंग गेला, क्षार राहिले' हाच उत्तम निष्कर्ष होता. रंग किती गेला हे पाहायला मूळ पाण्याचे 2, 4, 8, 16 पट विरळ नमुने सारख्या परीक्षानळ्यांत भरून, पांढऱ्या कागदासमोर गाळलेल्या पाण्याशी जुळवायचे. खर्च जवळजवळ शून्य.

इन्स्पायरची कथा तुलना करणाऱ्याला सर्वांत जास्त फसवते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही योजना 2008 मध्ये आली. आरंभी शाळाच मुले निवडून नावे पाठवायची, मुलाला 5,000 रुपये मिळायचे आणि खरी चाळणी जिल्ह्याच्या प्रदर्शनात लागायची. 2017-18 मध्ये 'मानक' हे रूप आले. आता शाळा कल्पना ऑनलाइन पाठवते. देशातून 10 लाख कल्पना मागवून 1 लाख निवडायच्या, त्यांना 10,000 रुपये, त्यातून 10,000 राज्यस्तरावर, 1,000 राष्ट्रीय स्तरावर आणि शेवटी 60, अशी आखणी आहे. म्हणजे शेवटची पायरी सोडली तर पायरीगणिक दहातला एक, आणि शेवटच्या पायरीवर साधारण सतरातला एक. चाळणी जिल्ह्याच्या आधी सरकली. 2012 मधली 'इन्स्पायर, जिल्हास्तर' ही ओळ आणि 2022 मधली तीच ओळ यांचे वजन वेगळे. जुन्या प्रमाणपत्राला कमी लेखायचे कारण नाही, पण दोन भावंडांची तुलना घरात होत असेल तर हे सांगायलाच हवे.

येथे कल्पनेचे नावीन्य तपासतात, म्हणून स्वयंचलित पथदिवे, पावसाची चाहूल देणारा गजर, अंधांची काठी हे विषय पहिल्याच टप्प्यावर गळतात. तालुका प्रदर्शनात तेच विषय नंबर काढतात. कारण तिथले गुणदान वेगळे: एनसीईआरटीच्या निकषांत सर्जनशीलतेला 20, मौलिकता, वैज्ञानिक विचार, कारागिरी आणि उपयुक्तता यांना प्रत्येकी 15, कमी खर्च व टिकाऊपणाला 10 आणि सादरीकरणाला 10 टक्के. घोटून केलेले जुने उपकरणही यात बरेच गुण मिळवते.

आणखी एक गोष्ट निकालात मिसळते, ती म्हणजे वेळ. एका गटात 60 उपकरणे आणि प्रत्येकाला 5 मिनिटे धरली तर 300 मिनिटे, म्हणजे सलग 5 तास लागतात. उद्घाटनाची भाषणे लांबली की वाट्याला दोन मिनिटे येतात, आणि त्या दोन मिनिटांत जे चालते तेच जिंकते. पथदिव्याचा प्रकाशसंवेदक सभागृहातल्या ट्यूबलाइटमुळे दिवा लावतच नाही. त्यावर काळ्या कागदाची नळी बसवावी, आणि स्थिर रोधाऐवजी फिरवता येणारा रोध ठेवून जागेवर जुळवून घ्यावा. इंजेक्शनच्या सिरिंजांचा जेसीबी हवेच्या बुडबुड्यांमुळे लुळा पडतो, कारण हवा दाबली जाते, पाणी नाही. नळ्या पाण्यात बुडवूनच भराव्यात. सौर पॅनेल सभागृहात एलईडीच्या उजेडावर धड चालत नाही, जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब जवळ धरला तर चालते. अक्कलकोटकडची कन्नड माध्यमाची मुले किंवा शहरातली तेलुगू, उर्दू माध्यमाची मुले दोन मिनिटांत मराठीत समजावताना अडखळतात. त्यांना आधी मुद्दे तोंडी सांगायचा सराव द्यावा, आणि परीक्षकांनी त्यांच्यासाठी घड्याळ थोडे सैल सोडावे.

तेव्हा फलक वाचताना चार गोष्टी विचाराव्यात: गटात प्रवेशिका किती, वर जागा किती, येथे पोचण्याआधी चाळणी कोणी लावली, आणि परीक्षकाने प्रत्येकाला किती मिनिटे दिली. पहिल्या दोन गोष्टींचे आकडे आयोजक शिक्षकांच्या नोंदवहीत असतात. निकालाच्या दिवशीच ते प्रमाणपत्रावर लिहून द्यावेत: 'तृतीय, 120 पैकी'.