लेप्टोस्पायरोसिस

लेप्टोस्पायरा या जीवाणूमुळे होणारा, प्राण्यांकडून माणसाकडे येणारा आजार. मुंबईत त्याला नुसते ‘लेप्टो’ म्हणतात. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागणाऱ्या या शहरात तो दरवर्षी डोके वर काढतो.

हा जीवाणू मळसूत्रासारखा पिळदार असतो. लांबी ६ ते २० मायक्रोमीटर, जाडी मात्र जेमतेम ०.१, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही, काळ्या पार्श्वभूमीवर उजळून पाहावा लागतो. टोके आकड्यासारखी वळलेली. १९०७ साली अमेरिकी डॉक्टर आर्थर स्टिम्सन यांना मूत्रपिंडाच्या छेदात तो प्रश्नचिन्हासारखा दिसला. ‘इंटरोगन्स’ हे जातिनाम त्यावरूनच आले. पुष्कळ जीवाणूंचे पोहण्याचे धागे, म्हणजे कशाभिका, शरीराबाहेर असतात. याच्या दोन्ही कशाभिका बाहेरच्या पटलाच्या आत असतात. त्या फिरल्या की अख्खा देह गिरमिटासारखा फिरत पुढे घुसतो. वाढ मात्र संथ. पोटातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. याला कित्येक तास लागतात आणि प्रयोगशाळेत तो वाढवायला आठवडे जातात. रोग्याला तेवढी वाट पाहणे परवडत नाही, म्हणून निदान पीसीआर (जीवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) किंवा प्रतिपिंडांच्या, म्हणजे शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या प्रथिनांच्या, चाचणीवर चालते. प्रतिपिंडे पहिल्या काही दिवसांत सापडतीलच असे नाही.

उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात तो त्यांना फारशी इजा न करता राहतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. कुत्री, गुरे, डुकरेही त्याचे वाहक. ओल्या मातीत, साचलेल्या गोड्या पाण्यात तो आठवडेच्या आठवडे टिकतो. कोरड्या जागी आणि क्लोरीनपुढे मरतो. पायावरची जखम, चिखल्यांनी सोललेली बोटांमधली कातडी, डोळ्यांचे-तोंडाचे अस्तर या वाटांनी तो शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लाखो लोक तासन्‌तास कमरेएवढ्या पाण्यातून चालले, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोची मोठी साथ आली. एरवी सर्वाधिक धोका गटारे आणि नाले साफ करणाऱ्या कामगारांना असतो. त्यांना गमबूट आणि हातमोजे मिळणे हा आरोग्याचा हक्कच मानायला हवा.

संसर्गानंतर बहुधा ५ ते १४ दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोके ठणकते, डोळे लाल होतात पण चिपडे येत नाहीत. पोटऱ्या दाबल्यावर विलक्षण दुखतात, ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. नेमकी गफलत इथेच होते: ‘व्हायरल असेल’ म्हणून लोक तापाच्या गोळीवर तीन-चार दिवस काढतात. बहुतेक जण बरे होतात. काहींना मात्र कावीळ होते, मूत्रपिंडे बंद पडतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो, आणि मग वेळ हातात राहत नाही. या तीव्र रूपाचे वर्णन जर्मन डॉक्टर अडॉल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये केले. त्यामागचा जीवाणू १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी शोधला.

लवकर सुरू केलेले डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक उपयोगी पडते. आजार गंभीर असेल तर शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन देतात. पावसाळ्यात मुंबई महानगरपालिका आवाहन करते की साचलेल्या पाण्यातून गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी औषध वेगळे असते, त्यामुळे घरातल्या एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नये. या जीवाणूचे २०० हून अधिक उपप्रकार आहेत. एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला पुरत नाही, त्यामुळे एकदा लेप्टो होऊन गेलेल्यालाही तो पुन्हा होऊ शकतो.