खांद्याच्या वर की खाली? मुलांच्या कार सीटचे पट्टे आणि सीटची दिशा

मुलांच्या कार सीटमधील पट्टे मुलाला पाच ठिकाणी धरतात: दोन खांद्यांवर, कमरेच्या दोन्ही बाजूंना आणि मांड्यांच्या मध्ये. यांपैकी खांद्यांचे पट्टे सीटच्या पाठीतील ज्या खाचांतून बाहेर येतात, त्या खाचा किती उंचीवर असाव्यात, याचा नियम सीटच्या दिशेप्रमाणे बदलतो. मूल गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसत असेल, तर पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यायला हवेत. तेच मूल पुढे तोंड करून बसू लागले, की पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित वरून यायला हवेत. एकच सीट दोन्ही दिशांना वापरता येत असल्यामुळे हे दोन नियम एकमेकांत मिसळतात, आणि अनेकदा सीट फिरवली जाते पण पट्टे जुन्याच खाचांत राहतात. आमच्या घरी भाचीची सीट पुढे वळवल्यावर असेच झाले होते, आणि ते लक्षात यायला दोन महिने लागले. ते दोन महिने आठवले, की आजही जीव धास्तावतो.

नियम पाठ करण्यापेक्षा त्यामागचे कारण समजून घेतलेले बरे, कारण एकदा कारण कळले की वर-खाली यांची अदलाबदल सहसा होत नाही. समोरून धडक बसल्यावर गाडी जागीच थांबते, पण आतील माणसांची शरीरे गाडीच्या पुढच्या दिशेने जातच राहतात. मागे तोंड करून बसलेल्या बाळाची पाठ गाडीच्या पुढच्या बाजूला असते, त्यामुळे धडकेचा भार सीटचे कवच झेलते आणि तो डोके, मान व पाठ यांवर पसरतो. मात्र ही सीट तिरकी टेकलेली असल्यामुळे बाळ कवचावरून वर, डोक्याच्या दिशेने, सरकू पाहते. हे सरकणे थांबवायचे, तर पट्ट्याने खांदा वरून दाबून धरला पाहिजे, आणि पट्टा खांद्याच्या खालच्या खाचेतून निघून खांद्यावर वळसा घेत असेल तेव्हाच ते साधते. खाच खांद्याच्या वर असेल, तर पट्ट्याची पकड लागण्याआधीच बाळ तेवढे अंतर वर सरकते आणि डोके कवचाच्या कडेबाहेर जाण्याचा धोका निर्माण होतो.

पुढे तोंड करून बसलेल्या मुलाच्या बाबतीत भार झेलण्याचे काम कवचाकडून पट्ट्यांकडे येते. मूल सीटच्या पाठीपासून सुटून पुढे फेकले जाऊ लागते आणि त्याला मागे धरून ठेवायला पट्ट्यांवाचून दुसरे काहीच नसते. पट्टा खांद्याच्या बरोबरीने किंवा वरून येत असेल, तर तो धडाला सरळ मागे ओढून धरतो. पट्टा खालच्या खाचेतून येत असेल, तर तो आधी वर चढतो, खांद्यावरून वळतो आणि मग छातीवर उतरतो; धडकेच्या क्षणी असा पट्टा खांद्यांना खाली खेचतो व तो दाब थेट पाठीच्या कण्यावर येतो. शिवाय त्या वळशामुळे धड अधिक पुढे जाते, आणि धडाबरोबर डोकेही. म्हणजे जी खाच काल बाळाला सुरक्षित ठेवत होती, तीच सीट वळवल्यावर त्याला अपाय करू शकते.

समजा, सीटच्या बैठकीपासून मुलाचा खांदा ३३ सेंटीमीटरवर आहे आणि सीटच्या खाचा ३० व ३५ सेंटीमीटरवर आहेत. मूल मागे तोंड करून बसत असेल तर ३० ची खाच घ्यावी, पुढे तोंड करून बसत असेल तर ३५ ची. खांदा नेमका खाचेच्या बरोबरीने असेल, तर ती खाच दोन्ही दिशांना चालते. काही मोजक्या सीटच्या उत्पादकांनी आपल्या रचनेनुसार वेगळी सूचना दिलेली असते, आणि काही सीटमध्ये पुढच्या दिशेसाठी फक्त वरच्या खाचाच वापरण्याची परवानगी असते. अशा वेळी सीटबरोबर आलेली पुस्तिकाच प्रमाण मानावी.

उंची पाहताना मुलाला बैठकीत पार मागे टेकवून ताठ बसवावे, कारण घसरून बसलेल्या मुलाचा खांदा खाली दिसतो. पट्ट्यांवरच्या गाद्या बाजूला सारून पट्टा कवचातून प्रत्यक्ष जिथे बाहेर येतो ती जागा पाहावी. पुष्कळ पालक गादी जिथे टेकते त्यालाच पट्ट्याची उंची समजतात. खांद्यावर एक पट्टी आडवी धरून ती कवचापर्यंत नेली, की अंदाजाचे काम उरत नाही.

उंची बदलण्याच्या पद्धती दोन आहेत. जुन्या किंवा साध्या सीटमध्ये पट्टे मागच्या धातूच्या पट्टीवरून सोडवून, खाचांतून ओढून काढून, नव्या खाचांत ओवावे लागतात; इथे दोन्ही पट्टे एकाच उंचीवर आहेत ना, कुठे पीळ पडला नाही ना, आणि मागे दोन्ही टोके त्या पट्टीत पूर्ण अडकली आहेत ना, हे पुन्हा तपासणे अत्यावश्यक आहे. दुसऱ्या प्रकारात हेडरेस्ट उचलले की पट्टे आपोआप वर जातात. त्यासाठी आधी पट्टे सैल करावेत, नाहीतर हेडरेस्ट अर्ध्यावर अडकते आणि जागेवर बसल्यासारखे वाटते.

उंची आणि घट्टपणा यांचीही अशीच गल्लत होते. पट्टा घट्ट ओढला म्हणून चुकीची उंची भरून निघत नाही, आणि उंची अचूक असली तरी सैल पट्टा मुलाला धरू शकत नाही. म्हणून आधी उंची ठरवावी, मग पट्टा ओढावा, आणि गळ्याच्या हाडाजवळ पट्ट्याची उभी चिमूट घेऊन पाहावी. चिमटीत कापड आले तर पट्टा अजून सैल आहे. शिकागो किंवा टोरांटोच्या हिवाळ्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी जाड जॅकेट काढूनच मुलाला बांधावे, कारण धडकेत जॅकेटमधला कापूस दबतो आणि घट्ट वाटलेला पट्टा सैल पडतो. अमेरिकेतील सीटवर छातीशी एक क्लिप असते, ती काखेच्या उंचीवर ठेवावी. भारतात व युरोपात विकल्या जाणाऱ्या अनेक सीटना ती नसते, आणि तो त्या सीटचा दोष नव्हे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४ ब हे १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा बालसुरक्षा सीटशिवाय गाडीतून नेल्यास १,००० रुपये दंड सांगते. पट्टा कोणत्या खाचेत आहे, हे मात्र पालकांनाच पाहावे लागते, आणि एकदा पाहून भागत नाही. दोन-तीन वर्षांच्या पुढे मुलाची उंची वर्षाला साधारण ६ ते ७ सेंटीमीटर वाढते. त्यामुळे पुढे तोंड केलेल्या सीटमध्ये योग्य असलेली खाच काही महिन्यांतच खांद्याच्या खाली जाऊ शकते. मागे तोंड केलेल्या सीटमध्ये अडचण उलट्या बाजूने येते: नवजात बाळाचा खांदा सर्वांत खालच्या खाचेच्याही खाली असेल, तर ती सीट त्या बाळासाठी अजून मोठी आहे.

सीट अपुरी पडल्याची खूणही दिशेप्रमाणे बदलते. मागे तोंड असताना बहुधा डोके आधी कवचाच्या वरच्या कडेजवळ पोहोचते, आणि अनेक पुस्तिका तिथे सुमारे २.५ सेंटीमीटर कवच शिल्लक ठेवायला सांगतात. पुढे तोंड असताना खांदा सर्वांत वरच्या खाचेच्या वर गेला, की मुलाचे वजन मर्यादेत असले तरी त्या सीटचे पट्टे त्याच्यासाठी वापरता येत नाहीत. तेव्हा अधिक उंच खाचा असलेली सीट घ्यावी, किंवा मूल बूस्टरच्या (मुलाला उंच बसवून गाडीचाच सीट बेल्ट त्याला नीट बसावा यासाठीची बैठक) वजन व उंचीच्या अटींत बसत असेल आणि प्रवासभर ताठ बसू शकत असेल, तर बूस्टरकडे वळावे.