ऑप्शन (तेजी-मंदीचा सौदा)

ठरलेल्या मुदतीला ठरलेल्या भावाने एखादी वस्तू किंवा शेअर घेण्याचा अथवा विकण्याचा हक्क म्हणजे ऑप्शन. घेण्याच्या हक्काला कॉल म्हणतात, विकण्याच्या हक्काला पुट. ठरलेला भाव तो स्ट्राइक, मुदत ती एक्सपायरी आणि हक्कापोटी मोजलेले पैसे तो प्रीमियम. हक्क विकत घेणाऱ्यावर सक्ती नसते. विकणारा मात्र बांधला जातो.

वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात कॉल वेगळा शिकवावा लागू नये. समजा, आंबिया बहाराचा बगीचा झाडावरच ५ लाखांत ठरला आणि व्यापाऱ्याने ५० हजार इसार दिला. भाव चढला तर तो तोडणीला मजूर घेऊन हजर. पडला तर फोन बंद. कायद्याने तो सौद्याला बांधलेला असतो, पण कोर्टाची पायरी कोण चढतो? कॉलमध्ये असे पाठ फिरवणे कराराचाच भाग आहे. मात्र इसार किमतीतून वजा होतो, प्रीमियम होत नाही. म्हणून ५ लाखांचा कॉल ५० हजारांना घेणारा साडेपाच लाखांच्या वरच नफ्यात येतो. भाव कितीही कोसळला तरी त्याचे ५० हजारच जातात. मुदत लांब आणि भाव अस्थिर असला की प्रीमियम जास्त. एक्सपायरी जवळ येते तसा तो झिजत जातो.

ही झीज नवख्याच्या लवकर लक्षात येत नाही. शेअर व वायदेबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजारातील वायदे (आज भाव ठरवून पुढच्या तारखेला पुरे करायचे, दोघांनाही बांधणारे सौदे) व ऑप्शनमध्ये उतरलेल्या १ कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले.

प्रकार जुनाच. मुंबईच्या कापूस बाजारात तो ‘तेजी-मंदी’ नावाने चाले. १९३९ मध्ये मुंबई प्रांताने कापसातील असे सौदे कायद्याने बंद केले. शेअर बाजारात निर्देशांकावरचे ऑप्शन २००१ मध्ये आले, वायदेबाजारात सोन्यावरचे २०१७ मध्ये.

शेतकऱ्याच्या खऱ्या कामाचा तो पुट. ५,००० रुपये क्विंटलचा पुट १५० रुपयांना घेतला आणि भाव ४,२०० वर आला, तरी हातात ४,८५० पडतात. पण सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे-ऑप्शन सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले आणि बंदीला पुढे मुदतवाढ मिळत गेली. त्यामुळे विदर्भाच्या या मुख्य पिकाला बाजारातला पुट उरला नाही. त्या जागी हमीभाव आहे: २०२५-२६ साठी स्ट्राइक ५,३२८ रुपये, प्रीमियम शून्य. हा हक्क वापरायचा तर खरेदी केंद्रावर आधी नोंदणी लागते, मग मूठभर दाणे यंत्रात जातात. काटा १२ टक्के ओलाव्याच्या वर गेला की ट्रॉली परत, नाहीतर तिथेच ताडपत्री पसरून वाळवण.