कोबीचं हायब्रीड वेगळं, मोहरीचा संकर वेगळा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतून कोबीच्या बियाण्याचं दहा ग्रॅमचं पाकीट घेतलं, तर त्यावर ठळक अक्षरांत 'एफ-१ हायब्रीड' छापलेलं असतं. लक्ष्मीपुरीतून फोडणीला आणलेल्या पावशेर मोहरीच्या पुडीवर तसं कुणी लिहीत नाही. पण दोन वेगळ्या स्पीशीजच्या (स्वतंत्र जातींच्या) संकरातून जन्मली आहे ती मोहरी. कोबीचे आईबाप दोघेही कोबीच.

घोळ एका शब्दाचा आहे. बियाणेवाला 'हायब्रीड' म्हणतो तेव्हा तो बी कसं तयार केलं ते सांगतो. वनस्पतींची नावं ठरवणारा 'संकर' म्हणतो तेव्हा तो वंशावळ सांगतो.

आधी कोबी. एफ-१ (संकराची पहिली पिढी) तयार करताना, पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध ठेवलेल्या दोन ओळी (म्हणजे वंश) घेतात आणि त्यांचा संकर करतात. दोन्ही ओळी ब्रासिका ओलेरेसिया. त्यामुळे गोल्डन एकर हा सरळ वाण घ्या नाहीतर महागातलं हायब्रीड, गुणसूत्रं १८च. नावही तेच: ब्रासिका ओलेरेसिया, कॅपिटाटा गट, आणि पुढे एकेरी अवतरणचिन्हांत वाणाचं नाव. फ्लॉवर बोट्रायटिस गटातला, नवलकोल गाँगायलोडीस गटातला. स्पीशीज सगळ्यांची एकच. 'एफ-१' हा या नावाचा भाग नाही. पाकिटावर 'व्हरायटी कॅपिटाटा' असेल तर ती जुनी पद्धत, चूक नव्हे.

४५ बाय ३० सेंटिमीटरवर लावण केली तर एकरात सुमारे ३० हजार रोपं बसतात. ग्रॅममध्ये साधारण ३०० बिया धरल्या तर १०० ग्रॅम बी लागतं, शिवाय ट्रेमधली तूट वेगळी. खर्च बघून घरचं बी धरावं असं वाटणारच. पण गड्डा फुटून फुलांचा दांडा यायला काही आठवडे सलग ४ ते १० अंशांची थंडी लागते आणि ती करवीर-शिरोळच्या हिवाळ्यात मिळत नाही. म्हणून कोबीचं बी कुलू खोऱ्यातल्या कटराईनसारख्या थंड ठिकाणी धरतात. समजा दांडा आलाच, तरी एफ-१च्या पोटची पिढी फुटते: एक गड्डा घट्ट, दुसरा पोकळ, तिसरा महिनाभर उशिरा.

त्यातही एक गंमत आहे. बऱ्याच एफ-१ कोबींच्या मादी ओळीत पराग तयारच होत नाहीत, कारण तिचं पेशीद्रव्य (पेशीतला केंद्रकाबाहेरचा भाग) जपानी मुळ्याचं असतं. ओगुरा यांनी १९६८ मध्ये नोंदवलेला हा नरवंध्य मुळा. म्हणजे कोबीत मुळा शिरला आहे खरा, पण केंद्रकातली १८ गुणसूत्रं कोबीचीच, म्हणून नावाला धक्का लागत नाही.

आता मोहरी. जपानमध्ये काम करणारे कोरियन वंशाचे शास्त्रज्ञ यू नागाहारू यांनी १९३५ मध्ये ब्रासिका या जीनसमधलं (जवळच्या स्पीशीजच्या गटातलं) नातं एका त्रिकोणात मांडलं. तीन कोपऱ्यांवर मूळ स्पीशीज: रापा (सलगम, चिनी कोबी) २० गुणसूत्रं, नायग्रा (काळी मोहरी) १६ आणि ओलेरेसिया १८. बाजूंवर त्यांची संकर-अपत्यं: रापा आणि नायग्राची जुन्सिया, म्हणजे आपली राई, ३६, रापा आणि ओलेरेसियाची नापस ३८, नायग्रा आणि ओलेरेसियाची कॅरिनाटा ३४. नापसला हिंदीत गोभी सरसों म्हणतात, आणि त्या नावात आईबाप दोन्ही आले.

दोन्हीकडचे पूर्ण संच मोहरीत आल्यामुळे प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळतो, म्हणून तिचं बी आईसारखंच उगवतं. जोडीदार नसला की काय होतं ते कार्पेचेंको यांच्या मुळा-कोबी संकरात दिसलं. रशियात १९२०च्या दशकात त्यांनी दोघांची ९-९ गुणसूत्रं एकत्र आणली. ती जुळेनात, झाडं जवळजवळ वांझ. मोजक्या बिया धरल्या, त्यांत गुणसूत्रं दुप्पट होऊन ३६ झाली होती आणि तिथून पुढे वंश चालला. शेंग बघण्यासारखी: खालचा भाग कोबीच्या शेंगेचा, वरचा मुळ्याच्या.

इथे दोन जीनसचा संकर आहे, म्हणून गुणाकाराचं चिन्ह जीनसच्या नावाआधी: ×ब्रासिकोराफानस. सागेरे यांनी १८२६ मध्येच दिलेलं हे नाव. मोहरीला मात्र चिन्ह लागत नाही. नापसला लिनियसने १७५३ मध्ये नाव दिलं, तेव्हा तिची वंशावळ कुणाला ठाऊक नव्हती. आणि संकरातून आलेल्या स्पीशीजला × लावलंच पाहिजे असा नियम नाही. विद्यार्थी हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या) शीटवर × ऐवजी इंग्रजी एक्स अक्षर लिहितात; × चिन्ह उपलब्ध नसेल तर लहान एक्स चालतो.

खात्री करायची तर मोजा. ओल्या टीपकागदावर मोहरी आणि कोबी दोन दिवस रुजवा. सेंटिमीटरभर मुळांची टोकं ८-हायड्रॉक्सीक्विनोलिनमध्ये तीनेक तास ठेवून तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसेटिक आम्लात टाका. आम्लात मऊ करून ॲसिटोकार्मिन हा रंग, मग अंगठ्याने सरळ दाब. कव्हरस्लिप घसरली तर पेशी फाटतात. हायड्रॉक्सीक्विनोलिनची पायरी गाळली तर गुणसूत्रं गुंतून राहतात आणि १८ की ३६ कळत नाही.

आणि दोन्ही अर्थ एकाच रोपात भेटतातही. दिल्ली विद्यापीठाची डीएमएच-११ मोहरी वरुणा आणि अर्ली हीरा-२ या मोहरीच्याच दोन वाणांपासूनची एफ-१. म्हणजे वंशाने संकर, बियाण्यानेही हायब्रीड. नाव तरीही साधं ब्रासिका जुन्सिया, गुणसूत्रं ३६.