काळ्या जिरेनियमची मुळी आणि तिच्यावरून झालेली शंभर वर्षांची भांडणं

आफ्रिकेतल्या औषधी झाडांवरचे पेपर वाचायला घेतले की एक वाक्य जवळपास दरवेळी भेटतंच, अमुक झाडाच्या अर्कात अँटीमायक्रोबियल, म्हणजे जंतूंना मारायचे किंवा त्यांची वाढ थांबवायचे, गुणधर्म आढळले. वाचायला छान वाटतं, लगेच फॉरवर्ड पण होतं. पण त्या वाक्याच्या मागे काय काय असतं, मूळ माहिती कोणाची, टेस्ट कशी केली, पैसे कोणाला मिळाले, हे बघायचं तर एकच झाड धरून मागे जावं लागतं. मी काळं जिरेनियम, म्हणजे पेलार्गोनियम सिडॉइडिस धरलंय, कारण याच्याइतकी भानगडींनी भरलेली हिस्ट्री दुसऱ्या कुठल्या मुळीची असेल असं मला तरी वाटत नाही.

हे दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपपासून लेसोथोपर्यंतच्या माळरानांवर उगवणारं छोटं झुडूप. पानं हार्टच्या शेपची, रुपेरी झाक असलेली, फुलं इतकी गडद जांभळी की जवळजवळ काळीच दिसतात, आणि जमिनीखाली लालसर तपकिरी जाड मुळ्या. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत शेतकरी तेलासाठी जे जिरेनियम लावायला लागलेत ना, तेही याच पेलार्गोनियम वंशातलं आणि तेही मुळात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचंच, फक्त त्याची किंमत पानातल्या सुगंधी तेलाला आणि याची सगळी किंमत मुळीला. तिथले खोसा आणि सोथो लोक ही मुळी जुलाब, पोटदुखी, खोकला, छातीचे आजार अशा सगळ्यावर उकळून देत आलेत.

आता इथे चार्ल्स हेन्री स्टीव्हन्स येतो. बर्मिंगहॅमचा पोरगा, १८९७ साली वय १७, आणि टीबी झालाय असं निदान. कॉखनी टीबीचा जंतू १८८२ लाच शोधला होता पण औषध काहीच नव्हतं, डॉक्टर लोक हवापालट करा म्हणायचे, म्हणून हा दक्षिण आफ्रिकेला गेला. तिथे बासुटोलँडमध्ये, म्हणजे आजच्या लेसोथोत, किजित्से नावाच्या एका वैद्यानं त्याला मुळीचा काढा दिला आणि तीनेक महिन्यात गडी ठणठणीत. म्हणजे हे सगळं त्याच्याच सांगण्यानुसार हां, आणि टीबी काही लोकांचा औषधाशिवायही शांत होतो, त्यामुळे एकट्याच्या बरं होण्यावरून मुळीला सर्टिफिकेट देता येत नाही.

पण स्टीव्हन्सनी दिलं. इंग्लंडला परत येऊन त्यानी या मुळीचं औषध 'स्टीव्हन्स कन्झम्प्शन क्युअर' म्हणून विकायला काढलं आणि मुळीचं खरं झाड कुठलं ते सांगितलंच नाही, नुसतं 'अम्कालोआबो' असं नाव ठेवलं जे कुठल्याच बॉटनीच्या पुस्तकात नव्हतं. धंद्याच्या दृष्टीनं हुशारी, पण माझ्या मते पुढचे सगळे घोळ इथूनच सुरू झाले. झाडच माहीत नाही तर दुसरा कोणी तपासणार काय? १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं अशा गुप्त औषधांचं पितळ उघडं पाडणारं पुस्तक छापलं, त्यात याचंही औषध घेतलं आणि सरळ भोंदू ठरवलं. स्टीव्हन्सनी अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. १९१२ ला ज्युरीचं एकमत झालं नाही, १९१४ ला परत केस चालली आणि तो हरला, वर खर्चापोटी २००० पाउंडांच्या आसपास बोजा अंगावर आला. तरी पठ्ठ्यानी विक्री काही थांबवली नाही.

पुढे १९२० मध्ये जिनिव्हाच्या आद्रियाँ सेशहाय नावाच्या डॉक्टरनं हे औषध मनावर घेतलं आणि नऊ वर्षांत जवळपास ८०० टीबी पेशंटना दिलं. त्याचे रिपोर्ट बरेच उत्साही होते, खूप जणांना गुण आला असं त्यानी लिहिलं. पण कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी हे औषध न दिलेले पेशंट, नव्हता, आणि तेव्हा टीबीसाठी तशी पद्धतच नव्हती म्हणा, योग्य रँडमाइज्ड ट्रायल, म्हणजे औषध कोणाला द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून केलेली चाचणी, टीबीत आली ती स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकसोबत, १९४८ साली तिचे निकाल छापले. म्हणजे ८०० पेशंट हातात असून नक्की काय सिद्ध झालं ते आज कोणालाच सांगता येणार नाही. स्टीव्हन्स १९४२ ला वारला, स्ट्रेप्टोमायसिन आलं, त्यामागून बाकीची औषधं आली आणि टीबीवर मुळी विकत घ्यायचं कोणाला कारणच उरलं नाही.

मग झाडाचं नाव कधी कळलं? १९७० च्या दशकात! म्युनिक युनिव्हर्सिटीत साबीने ब्लाट यांनी पीएचडीसाठी हेच काम घेतलं, बाजारातली मुळी आणि वेगवेगळ्या पेलार्गोनियमच्या मुळ्या मायक्रोस्कोपखाली आणि क्रोमॅटोग्राफीनं, म्हणजे अर्कातले घटक वेगवेगळे करून, ताडून बघितल्या, आणि तेव्हा कुठे कळलं की हे पेलार्गोनियम आहे. यात परत रेनिफॉर्मे आणि सिडॉइडिस या दोन जवळच्या जातींचा घोळ, दोन्ही दिसायला सारख्या आणि दोन्हीच्या मुळ्या एकत्रच खणल्या जायच्या. तो सोडवायला केमिस्ट्री उपयोगी पडली, कारण अम्कालिन नावाचं कूमारिन (झाडांत सापडणाऱ्या रसायनांचा एक गट) सिडॉइडिसमध्ये असतं आणि रेनिफॉर्मेमध्ये नसतं. गावातल्या बायाबापड्यांना जे रोप लांबून ओळखू येतं त्याचं नाव युरोपला कळायला सत्तरेक वर्षं लागली, आणि ती फक्त एका माणसानी गुपित ठेवल्यामुळे.

एकदा झाड कळलं की लॅबवाले कामाला लागले. मुळीत मुख्य दोन गट. एक कूमारिनं, अम्कालिन, स्कोपोलेटिन वगैरे. दुसरा टॅनिनचा, प्रोअँथोसायनिडिन म्हणतात ते, ही भलीमोठी साखळीसारखी रेणू, आणि अर्कात वजनानं मोठा वाटा यांचाच. कात जिभेवर ठेवल्यावर जो तुरटपणा लागतो तो याच घराण्याचा. टॅनिनची गंमत अशी की ती कुठल्याही प्रोटीनला जाऊन चिकटतात, त्यामुळे लॅबमधल्या प्लेटमध्ये जंतूंची वाढ थांबलेली दिसते पण पोटात गेल्यावर ती रक्तात फारशी शोषली जात नाहीत. झाडांच्या कच्च्या अर्कावरचे निम्मे 'जंतुनाशक' दावे इथेच गळतात असं मला वाटतं.

१९९७ साली कायझर आणि कोलोजाय या जर्मन संशोधकांनी या मुळीतले घटक सुटे करून स्टॅफिलोकॉकस, न्यूमोकॉकस, क्लेबसिएला, हिमोफिलस अशा जंतूंवर तपासले. घटक काम करत होते, पण वाढ थांबवायला शुद्ध कूमारिनं एका मिलीलीटरला काहीशे मायक्रोग्रॅम लागली आणि कच्चा अर्क त्याहून कितीतरी जास्त. पेनिसिलिनला बळी पडणाऱ्या न्यूमोकॉकसला एक मायक्रोग्रॅमपेक्षा कमी पुरतं, आता तुम्हीच बघा. २००५ मध्ये रिओस आणि रेसिओ या स्पॅनिश जोडीनं तर लिहूनच टाकलं की कच्च्या अर्काला मिलीलीटरला १ मिलिग्रॅमच्या वर आणि शुद्ध रसायनाला ०.१ मिलिग्रॅमच्या वर लागत असेल तर त्याला अँटीमायक्रोबियल म्हणू नका. त्या पट्टीनं ही मुळी नापासच. मुळीतली लिनोलेइकसारखी काही फॅटी ॲसिडं टीबीच्या भाऊबंद जंतूंवर चालतात असं २००४ च्या एका कामात दिसलं खरं, पण फॅटी ॲसिडं पाण्याच्या काढ्यात उतरणार किती?

हा सॉल्व्हंटचा, म्हणजे अर्क कुठल्या द्रवात काढला याचा, मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेक लोक तो सोडून देतात. वैद्य पाण्यात उकळतो, लॅबवाला ॲसिटोनमध्ये भिजवतो. प्रिटोरियाच्या एलॉफ यांनी १९९८ साली मायक्रोप्लेटची स्वस्त पद्धत बसवली, ९६ छोट्या खड्ड्यांत अर्क पातळ करत जायचा आणि रंग बदलला की जंतू जिवंत आहे असं समजायचं. त्यामुळे आफ्रिकेतल्या साध्या लॅबमध्येसुद्धा शेकडो झाडं तपासता आली, हे मोठंच काम. पण आकडे वाचताना अर्क कशात काढलाय ते आधी बघा, नाहीतर आजीचा काढा आणि ॲसिटोनचा अर्क एकच समजून बसाल.

मग ही मुळी चालते कशी? जर्मनीच्या श्वाबे कंपनीच्या ईपीएस ७६३० नावाच्या अर्कावर जे काम झालं त्यात वेगळंच चित्र आलं. तो जंतू थेट फारसे मारत नाही, पण स्ट्रेप्टोकॉकस घशाच्या पेशींना चिकटतो ते कमी करतो, श्वासनलिकेतले बारीक केस जास्त जोरात हलवतो म्हणजे कफ बाहेर पडायला मदत, आणि शरीराच्या प्रतिकाराला थोडा धक्का देतो. २००५ मध्ये जर्मनीत ॲक्यूट ब्राँकायटिससाठी त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. औषधांचे पुरावे एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या रिव्ह्यूनं मात्र लक्षणं कमी होत असतील असं म्हणताना पुराव्याची प्रत कमी असल्याचं पण बजावलंय. टीबीचा तर विषयच नाही, टीबीला मुळी घेऊन बसू नका.

सगळीच आफ्रिकन झाडं अशी मवाळ नाहीत हां. घानात मलेरियावर वापरतात त्या क्रिप्टोलेपिसमधलं क्रिप्टोलेपिन हे अल्कलॉइड जंतूंवर चांगलं जोरात चालतं, पण ते डीएनएमध्येच जाऊन घुसतं, म्हणजे आपल्या पेशींनाही धोका.

इकडे औषध खपायला लागल्यावर पेटंट आलं. श्वाबेला मुळीचा अर्क काढायच्या पद्धतीवर युरोपियन पेटंट मिळालं, आणि ईस्टर्न केपमधल्या ॲलिस गावच्या लोकांनी आफ्रिकन सेंटर फॉर बायोसेफ्टी या संस्थेमार्फत, स्वित्झर्लंडच्या बर्न डिक्लेरेशन या संस्थेला सोबत घेऊन, त्याला विरोध नोंदवला. जानेवारी २०१० मध्ये म्युनिकला युरोपियन पेटंट ऑफिसमध्ये सुनावणी झाली आणि पेटंट रद्द, त्यानंतर कंपनीनं या मुळीवरची आणखी काही पेटंटंही सोडून दिली. आपल्याला हे ओळखीचं वाटेल, कारण हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेतलं होतं सीएसआयआरनं, तेव्हा प्रमुख होते गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर, आणि कडुनिंबाचं पेटंट तर याच युरोपियन ऑफिसनं २००० साली रद्द केलं होतं.

फक्त एक फरक नीट लक्षात घ्या. म्युनिकनं पेटंट रद्द केलं ते यात नवीन शोध असा काही नाही म्हणून. मुळीची माहिती कोणाची, त्याचा मोबदला कोणाला, यावर त्यांनी निकाल दिलाच नाही, ते त्यांचं कामच नव्हतं. मोबदल्याचा प्रश्न दक्षिण आफ्रिकेच्या २००४ च्या जैवविविधता कायद्यात आणि जैविक संपत्तीचा फायदा वाटून घेण्याबद्दलच्या २०१० च्या नागोया करारात येतो, तिथे परत नवा वाद, की गावातल्या नक्की कोणाशी करार करायचा, पारंपरिक प्रमुखाशी की मुळी खणणाऱ्यांशी. दरम्यान थेंब आणि गोळ्या युरोपात मेडिकलमध्ये मिळतायत, आणि मुळ्या अजूनही मुख्यतः माळावरूनच खणल्या जातात, लागवड थोडी, आणि खणलेली मुळी परत भरायला वर्षं लागतात.